‘दूरस्थ शाखा’ : एका पारिभाषिक संज्ञेचा अर्थविचार

बंगळूरमधील एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव होसूर आणि सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून आले आहे. ‘होसूर रस्ता’ अशी पाटी बंगळुरात असते, होसूर मात्र तमिळनाडूत. तरीही वाचणाऱ्याची फसगत होत नाही, कारण ‘रस्ता’ हे पद स्थळ आणि स्थळाचा निर्देश यांतील अंतर सांभाळते. याच वसाहतीतील नवउद्योगांच्या कार्यालयांत नित्य वापरल्या जाणाऱ्या गिट या आवृत्तिनियंत्रण प्रणालीच्या परिभाषेत असे पद अनेकदा गळून पडते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये सिद्ध केलेल्या या प्रणालीत सामान्यतः प्रत्येक सहभागी व्यक्तीजवळ प्रकल्पाची, त्याच्या पूर्वेतिहासासह, स्वतंत्र प्रत असते. त्यामुळे ‘रिमोट ब्रँच’ या संज्ञेने दोन भिन्न वस्तू सूचित होतात. एक, अन्य रिपॉझिटरीत प्रत्यक्ष वाढत असलेली शाखा. दुसरी, त्या शाखेची शेवटच्या संपर्कसमयीची स्थिती स्वतःच्या संगणकावर नोंदवणारा निर्देशक. ‘ओरिजिन/मेन’ हे अशा निर्देशकाचे परिचित नाव. फेच वा पुश यांसारख्या आज्ञेने पुन्हा संपर्क घडेपर्यंत तो स्थिर राहतो; मूळ शाखा तोवर बरीच पुढे गेलेली असू शकते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. ‘रिमोट ब्रँच पुसून टाका’ या सूचनेचे दोन अर्थ संभवतात. एका अर्थाने केवळ स्थानिक नोंद जाते आणि मूळ शाखा कायम असल्यास पुढील फेचनंतर ती परत येते. दुसऱ्या अर्थाने सर्वांच्या सामायिक रिपॉझिटरीतील शाखाच नाहीशी होते. संज्ञेची संदिग्धता येथे सहकाऱ्यांच्या श्रमावर बेतते.

गिटच्या दस्तऐवजांत 2010 च्या अखेरीस यावर एक उपाय योजला गेला. ‘रिमोट ट्रॅकिंग ब्रँच’ या तीन सुट्या शब्दांतील पहिले दोन संयोगचिन्हाने जोडले गेले. मराठी वाचकाला हा समासविग्रहाचाच प्रश्न वाटेल. चिन्हाविना ‘दूर असलेली, मागोवा घेणारी शाखा’ असा विग्रह शक्य होता. चिन्हासह ‘दूरस्थाचा मागोवा घेणारी शाखा’ एवढाच उरतो. पहिल्या विग्रहात शाखा तिकडे आहे, दुसऱ्यात इकडे. मात्र या दुरुस्तीने विशेषणांचा परस्परसंबंध सुधारला, विशेष्य तसेच राहिले. ज्यावर थेट नवे काम नोंदवता येत नाही, जी केवळ पाहिलेल्याची नोंद आहे, तिला ‘शाखा’ म्हणणे हाच मूळ दोष होय.

पाठचिकित्सेच्या परंपरेत हा भेद सुस्पष्ट आहे. वेदांच्या संदर्भात ‘शाखा’ म्हणजे शाकल वा बाष्कल यांसारखी स्वतःच्या अध्येत्यांसह जगणारी पाठपरंपरा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्या कार्यात तंजावर येथेही पोथ्यांचे पाठ ताडून नोंदले गेले. पुण्यास आलेल्या अशा नोंदपत्रांना कोणी पोथी म्हटले नाही. अर्थात हे साम्य मर्यादित आहे. तंजावरची पोथी लिहून संपलेली होती. गिटमधील शाखा नोंद घेतल्यानंतरही वाढत राहते. म्हणूनच येथे नोंदीला नोंद म्हणण्याची निकड अधिक आहे.

मराठीत ही संज्ञा आणताना ‘दूरस्थ शाखा’ हा शब्दशः पर्याय प्रथम सुचतो. परंतु ‘रिमोट’ म्हटलेली रिपॉझिटरी त्याच संगणकाच्या दुसऱ्या फोल्डरमध्येही असू शकते. अंतर हा तिचा धर्म नव्हे, अन्यत्व हा आहे. त्या दृष्टीने प्रत्यक्ष शाखेसाठी ‘परशाखा’ आणि स्थानिक निर्देशकासाठी ‘परशाखेची नोंद’ ही जोडी अधिक अन्वर्थक ठरते. इंग्रजीने विशेषणात केलेली दुरुस्ती येथे विशेष्यापर्यंत पोहोचते. ‘नोंद’ या शब्दाबरोबर ती केव्हा घेतली, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. आज्ञा देण्यापूर्वी त्याला नेमका हाच प्रश्न पडणे आवश्यक असते. अनुवाद हा मूळ संहितेचा चिकित्सक वाचक असतो, हे तत्त्व काव्याइतकेच तांत्रिक दस्तऐवजालाही लागू पडते.