मेरी सीकोल यांच्या आत्मचरित्रातील एक प्रश्नचिन्ह

कृष्णवर्णीय समाजांतील अग्रणी व्यक्तींचा गौरव आज सर्वत्र होतो; परंतु त्यांनी स्वतः लिहिलेले ग्रंथ तितक्या बारकाईने वाचले जात नाहीत. मेरी सीकोल यांचे १८५७ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र हे याचे ठळक उदाहरण होय.

किंग्स्टन येथे १८०५ मध्ये जन्मलेल्या सीकोलबाईंची आई जमैकन, तर वडील स्कॉटिश सैनिक होते. औषधोपचाराचे ज्ञान त्यांना आईकडून लाभले. क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हानजीक ‘ब्रिटिश हॉटेल’ चालवून त्यांनी सैनिकांची शुश्रूषा केली. १८५६ साली युद्ध संपताच शिल्लक माल मातीमोल झाला व त्यांचे दिवाळे निघाले. प्रस्तुत ग्रंथ त्या विपन्नावस्थेत लिहिला गेला आणि त्याचा अपेक्षित ग्राहक इंग्रज वाचक होता, ही गोष्ट समीक्षकाने विसरता कामा नये.

पनामातील एका मेजवानीत कोणी अमेरिकन गृहस्थ त्यांची स्तुती करता करता त्यांच्या वर्णाबद्दल हळहळ व्यक्त करतो. सीकोलबाई त्याला तेथल्या तेथे उत्तर देतात आणि अमेरिकनांचे आचरण सुधारावे, अशी इच्छा प्रकट करतात. तेथे संदिग्धता नाही. पुढे लंडनमध्ये परिचारिका म्हणून क्रिमियास जाण्याची त्यांची विनंती अव्हेरली जाते; तेव्हा मात्र त्याच वर्णद्वेषाचे मूळ इंग्लंडातही असेल काय, एवढेच त्या विचारतात. अमेरिकेविषयी विधान आणि इंग्लंडविषयी प्रश्न, असा हा भेद आहे.

यास भीरुता म्हणणे अन्यायाचे होईल. ग्राहकाला न दुखावता सत्य त्याच्यापुढे ठेवण्याचा हा मार्ग आहे. पुढील प्रकरणांत सैनिकांची व अधिकाऱ्यांची प्रशस्तिपत्रे येतात. ती वाचल्यावर, अशा स्त्रीस का नाकारले गेले, याचे उत्तर वाचकालाच शोधावे लागते. तथापि या सावधपणाची किंमतही ग्रंथाने मोजली आहे: ब्रिटिश साम्राज्याविषयी प्रश्न करण्याचे त्यात धैर्य दिसत नाही.

१८८१ मधील मृत्यूनंतर विस्मृतीत गेलेला हा ग्रंथ १९८४ साली पुन्हा प्रकाशात आला. २०१६ साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयासमोर सीकोलबाईंचा पुतळा उभा राहिला. हा सन्मान उचितच होय. परंतु त्यांना केवळ नाइटिंगेलबाईंची कृष्णवर्णीय प्रतिमा मानणारा वाचक या ग्रंथातील व्यवहारचतुर, विनोदी आणि सावध लेखिकेला मुकतो.