महासंगणक आणि झिजलेली बोटे

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' उभारला. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियानाला ४५०० कोटी रुपये मंजूर झाले. मधल्या काळात, २०१० साली, नंदुरबारमधील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. हे सारे एका दमात 'संगणकक्रांती' म्हणून शिकवले जाते, ते आम्हांला खटकते. परमसारखी यंत्रे हवामानाची, रेणूंची गणिते करतात. आधारचे काम वेगळ्या संगणकांवर चालते.

वडनेरची कापूस वेचणारी बाई रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते, तेव्हा कोट्यवधी ठशांत शोध घ्यायचा नसतो. तो नोंदणीच्या वेळीच झालेला असतो, आणि त्याला खरोखरच अफाट गणनशक्ती लागते. दुकानात तिचा ठसा तिच्याच जुन्या ठशाशी ताडून पाहायचा, एवढेच. पण सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी आणि निंदणाने रेषा झिजल्या असल्या, तर यंत्राने वाचायचे काय? संगणक हजारपट वेगवान केला तरी त्या रेषा परत येत नाहीत. तेथे वहीत नोंद करून धान्य देण्याची सोयच कामाची, आणि तिला खर्च तो किती!

विद्यार्थ्यांना शाईच्या पॅडवर आपला आणि आपल्या आजीचा ठसा घ्यायला सांगावे. दोन्ही भिंगाखाली धरून रेषा मोजाव्यात.