‘खात्यापित्या घरचं पोर’: सिनॉप्सिसमधलं न तपासलेलं गृहीत

अंगाने भरलेलं मूल दिसलं की आपण सहज म्हणतो, ‘खात्यापित्या घरचं दिसतंय.’ बोलण्यात ते खपून जातं. पण हेच वाक्य जड शब्द पांघरून सिनॉप्सिसमध्ये येतं, तेव्हा थांबायला हवं. आज त्याबद्दलच लिहितेय.

मुलांच्या लठ्ठपणाच्या ‘सामाजिक बाजू’वरच्या प्रस्तावांचा एक साचा झालाय. शहरातली एक-दोन इंग्रजी माध्यमाच्या शाळा, दोनशे-तीनशे विद्यार्थी, एक प्रश्नावली: आठवड्यातून किती वेळा बाहेरचं खाता, मोबाईल किती तास, आईचं शिक्षण किती, घरचं उत्पन्न किती. निष्कर्ष ठरलेला: लठ्ठपणा सुखवस्तू घरांत जास्त. शिफारसही ठरलेली: मातांमध्ये जागरूकता वाढवावी.

आता स्वतःला विचारा. नमुनाच फी भरू शकणाऱ्या घरांतून घेतलात, तर लठ्ठपणा फक्त अशाच घरांत असतो हे तुम्ही शोधलंत की आधीच ठरवलंत? आणि ‘सामाजिक’ म्हणताना समाज कुठे आला यात? आली ती फक्त आई. तीही आरोपी म्हणून!

मी पालघरच्या माहीमची. मुंबईचं नव्हे, केळवे-माहीममधलं माहीम. आमच्याकडे हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, ‘पालघरला कुपोषण सोडून लठ्ठपणा कुठून आणलास?’ प्रश्न चुकीचा नाही. जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण खरंच आहे. पण एकाच जिल्ह्यात बोईसर-तारापूरची एमआयडीसी आहे, वसई-विरारचे टॉवर आहेत, किनाऱ्यावरच्या वाड्या आहेत. जिल्ह्याचा एकच सरासरी आकडा यातलं काहीच धड दाखवत नाही. शिवाय पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरून झाली, म्हणून तिच्यात पालघर वेगळा नाही, ठाण्यात आहे. ‘पालघरमध्ये पाच वर्षांत किती वाढ’ असं लिहायचा मोह झाला तर हे आठवा.

राज्याचे आकडे बघू. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत १.९ टक्के होतं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ४.१ टक्के. त्याच काळात खुजेपणा ३४.४ वरून ३५.२ वर गेला, म्हणजे जवळपास जागच्या जागी. एक गेलं आणि दुसरं आलं, असं झालेलं नाही. दोन्ही एकत्र नांदतायत.

पण यातलं मोठं भगदाड वेगळंच आहे. हे सर्वेक्षण वजन-उंची मोजतं ती पाच वर्षांखालच्या मुलांची, आणि मग थेट पंधरा वर्षांपुढच्यांची. पाच ते चौदा हे शाळेत जाणारं वय मधल्यामधे गायब! म्हणजे ज्या मुलाला वर्गात ‘ढोल्या’ म्हणून चिडवतात, ते मूल या सर्वेक्षणात नाहीच. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने एकोणीस वर्षांपर्यंतची मुलं मोजली, तेव्हा हे वय देशपातळीवर नीट दिसलं. आणखी एक बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या पालघरमधूनच झाली. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासायची, ही त्याची चांगली गोष्ट. पण त्याच्या ३० आजारांच्या मूळ यादीत तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. कोणाला मोजायचं, हा निर्णयच सामाजिक असतो.

आता ‘खात्यापित्या घरचं’ याकडे परत येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून स्थूल. आईच्या पोटातल्या उपासमारीचा संबंध पुढच्या मधुमेहाशी लागतो तो इथून. मग कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळ्या घरांचे प्रश्न कसे राहतात?

मोजमापाचंही तसंच. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे निकष वेगळे, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वेगळे. आपले तक्ते प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा ‘जास्त वजन’ म्हणून धरतात, २५ शी नाही. तक्ता बदलला की तेच मूल ‘नॉर्मल’मधून ‘जास्त वजना’त जाऊ शकतं. कोणता वापरला आणि का, हे लिहिलं नाहीत तर तुमच्या टक्केवारीला अर्थ नाही.

मग करायचं काय? प्रश्नावलीत आईच्या जागरूकतेआधी हे विचारा: शाळेजवळ पाच रुपयांत काय मिळतं? त्याच पैशात फळ मिळतं का? खेळायला मोकळी जागा आहे का, आणि मुलींना तिथे जाऊ देतात का? आईबाबा शिफ्टमध्ये असतील तर संध्याकाळी घरी कोण असतं? नमुन्यात जिल्हा परिषदेची शाळा घ्या, आश्रमशाळाही घ्या. उत्पन्नाचा संबंध निघाला तर निघू दे, पण तो तपासून निघू दे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वर्गासमोर वजनकाटा ठेवून मोठ्याने आकडा वाचू नका. एकेकाला बाजूच्या खोलीत घ्या, आकडा फक्त कागदावर लिहा, पालकांच्या संमतीबरोबर मुलालाही विचारा, आणि ते नको म्हणालं तर सोडून द्या. तुमचा नमुना एकने कमी होईल, पण त्या मुलाला पुढचं वर्षभर त्याच वर्गात बसायचंय.