अल्मा थॉमस यांची झाडे आणि आपला संशय

फुलाझाडांची चित्रे काढणाऱ्या कलावंताकडे चळवळीतली माणसे जरा संशयानेच पाहतात. तो संशय निराधार नाही. मराठीत ज्यांनी निसर्गाचे कौतुक केले, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या निसर्गात राबावे लागले नव्हते. नदीवर लिहिणाऱ्याला पाणवठ्यावर कुणी अडवले नव्हते. दलित साहित्याने या चांदण्या-फुलांना नकार दिला तो योग्यच होता. पण हा नकार कायमचा नियम करून टाकला, तर अमेरिकेतील अल्मा थॉमस या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचे आपण काय करणार?

थॉमसबाईंचा जन्म १८९१ साली जॉर्जिया राज्यातील कोलंबस गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण पैशाने वर्णभेद टळत नव्हता. १९०६ साली अटलांटा शहरात गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांच्या हत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी हे कुटुंब वॉशिंग्टनला आले. १९२४ साली बाई हॉवर्ड विद्यापीठाच्या कला विभागाच्या पहिल्या पदवीधर झाल्या. त्यानंतर १९६० पर्यंत त्यांनी एकाच शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. १९५४ पर्यंत तिथल्या शाळा सरळसरळ वर्णानुसार विभागलेल्या होत्या. स्वतःच्या चित्रांसाठी त्यांना उरे तो शाळेबाहेरचा वेळ. म्हणजे ज्या चित्रांमुळे आज त्यांचे नाव घेतले जाते, ती सगळी निवृत्तीनंतरची. १९६६ साली हॉवर्ड विद्यापीठात त्यांचे प्रदर्शन ठरले तेव्हा वयाची पंचाहत्तरी जवळ आलेली, आणि हात संधिवाताने आखडलेले. घरच्या खिडकीतून दिसणाऱ्या हॉली झाडाच्या पानांत उजेड कसा हलतो, हे पाहता पाहता त्यांना स्वतःची रीत सापडली.

ही रीत नीट पाहण्यासारखी आहे. शुद्ध रंगाचे आखूड ठिपके, विटेला वीट लावावी तसे एकाखाली एक. कधी उभ्या पट्ट्यांत, कधी वर्तुळांत. मधल्या फटींतून पांढरा कॅनव्हास डोकावतो. युरोपीय निसर्गचित्रात पाहणारा बहुधा उंचावर उभा असतो; पुढे शेते, कुंपणे, क्षितिज पसरलेले. ती मालकाची नजर आहे. थॉमसबाईंच्या चित्रांत क्षितिज नाही, कुंपण नाही, मालकही नाही. फुलांचे वाफे जणू विमानातून पाहिल्यासारखे सपाट होतात. १९७० सालच्या 'ग्रहण' या चित्रात गडद चकती मधोमध नसून बाजूला सरकलेली आहे आणि तिच्याभोवती रंगांची कडी पसरत जातात. काही चित्रांत हा पट्ट्यांचा खेळ नुसता शोभेचा होतो, हेही सांगितले पाहिजे.

१९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात त्या स्वतः होत्या, आणि फलक घेतलेल्या गर्दीचे चित्रही त्यांनी काढले. पुढे मात्र त्यांनी तो विषय सोडला. माणसाच्या माणसावरील क्रौर्यापेक्षा सौंदर्य आणि आनंद रंगवायचा, कलेला वंश नसतो, अशी त्यांची भूमिका होती.

इथे त्यांच्याशी मतभेद नोंदवावासा वाटतो. १९७२ साली, ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय स्त्री. हे दार केवळ रंगांच्या गुणाने उघडले नाही. १९६९ पासून कृष्णवर्णीय कलावंतांची संघटना व्हिटनीवर दबाव आणत होती. १९७१ साली तिथल्या एका प्रदर्शनातून अनेकांनी आपली चित्रे काढून घेतली होती. ज्यांनी फुले रंगवली नाहीत, त्यांनी फुलांसाठी भिंत मिळवली. (मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात.) तेव्हा कलेला वंश नसेल; पण संग्रहालयाच्या दाराला होता.

आणखी एक गोष्ट आपल्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. शिक्षिकेचा नियमित पगार आणि कुटुंबाचे स्वतःचे घर, यांमुळे बाईंना ग्राहकाच्या आवडीचे चित्र काढावे लागले नाही. आपली नियतकालिकेही बव्हंशी शिक्षकांच्या पगारातूनच चालली. कलेच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना पगारपत्रकाकडे पाहायला आपण उगीच लाजतो.

थॉमसबाई १९७८ साली वारल्या. २०१५ साली त्यांचे १९६६ चे 'रिझरेक्शन' हे चित्र व्हाइट हाउसमध्ये लागले. राष्ट्राध्यक्षाच्या भोजनगृहात लागल्याने ते मोठे ठरते असे मी मानत नाही. मला आठवण होते ती आपल्याकडच्या बाभळीची. गावकुसाबाहेरची सावली तिची, सरपण तिचे, पायात मोडलेला काटाही तिचाच. उद्या वस्तीतल्या एखाद्या पोरीने त्या बाभळीची नुसती पिवळी फुले रंगवून आणली, तर यात विद्रोह कुठे आहे, असे तिला विचारणारे आपल्यातच निघतील.