चित्राचं यश, चित्रकाराचं यश

(मोखाडा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



अमूर्त चित्राचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे कसलं चित्र? असले फराटे आमचं पोरगंही मारेल." दुसरा म्हणतो, "तुम्हाला त्यातलं कळत नाही, सोडून द्या." पहिल्याला वाटतं आपल्याला फसवलं जातंय. दुसऱ्याला वाटतं आपण चार लोकांपेक्षा शहाणे. आणि वाद मिटत नाही.

मला विचाराल, तर हे दोघंही चित्राबद्दल बोलतच नसतात. ते किमतीबद्दल बोलत असतात. पहिल्याचा राग असतो तो "याला एवढे पैसे?" याचा. दुसऱ्याचा आधार असतो तो "उगाच का कुणी एवढे पैसे देतं?" हा. म्हणजे पुरावा एकच, निकाल मात्र दोन. त्यामुळे आज मी दोन गोष्टी वेगळ्या करून बघणार आहे: चित्र यशस्वी होणं आणि चित्रकार यशस्वी होणं.

वासुदेव गायतोंडे यांच्यापासून सुरुवात करू. घराणं गोव्याचं, जन्म १९२४ चा नागपूरचा, वाढले गिरगावात, शिकले जे. जे. मध्ये. पुढे दिल्लीला निजामुद्दीन भागात एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहिले. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, त्याहून जास्त नाही. १९८४ साली अपघात झाला, त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंदच होते, कागदावर थोडं काम चाललं. २००१ साली ते गेले.

आता पुढचं ऐका. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ सालचं चित्र जवळजवळ ४० कोटींना. वर्तमानपत्रांनी लिहिलं, "गायतोंडे यांचा विक्रम". कुणाचा विक्रम? ते जाऊन बारा वर्षं झाली होती, वीस वर्षं झाली होती. पैसे मिळाले ते चित्र ज्याच्याकडे होतं त्याला.

इथे लगेच "बिचारा उपेक्षित कलावंत" असा सूर लावू नका. गायतोंडे उपेक्षित नव्हते. १९६४ साली रॉकफेलरची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री झाले. जाणकारांत त्यांचं नाव होतं. त्या माणसाला यश म्हणजे काय हे आपल्यापुरतं ठरवता आलं, एवढंच. नाहीतर मागणी असताना वर्षाला पाच-सहा चित्रांवर कोण थांबेल?

बरं, त्या चित्रात असतं काय? कॅनव्हास बहुतेक उभा. समोर गेलात की पहिल्यांदा एकच रंग दिसतो, पिवळा म्हणा, करडा म्हणा, हिरवा म्हणा. थोडा वेळ थांबलात की तो एक रंग नाही हे कळायला लागतं. खाली दुसरा आहे, त्याच्याखाली तिसरा. रोलरने रंग पसरलाय, पॅलेट नाइफने खरवडून काढलाय, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचललेत. मधे काही आकार तरंगतात. अक्षर म्हणावं तर वाचता येत नाही, वस्तू म्हणावी तर ओळखता येत नाही. गायतोंडे यांना "अमूर्त" हा शब्दही पसंत नव्हता, ते आपल्या चित्रांना "वस्तुनिरपेक्ष" म्हणत. माझ्या दृष्टीने त्या चित्राचं यश यात आहे, की दहा मिनिटांनंतर तिथे पहिल्या मिनिटापेक्षा जास्त दिसतं. हे ते चित्र चाळीस कोटींचं असो की चाळीस रुपयांचं, तेवढंच खरं.

पहिल्या पक्षाचंही एक म्हणणं मला मान्य आहे. आज अमूर्ताच्या नावाखाली पुष्कळ चित्रं सोफ्याच्या रंगाला शोभतील म्हणून काढली जातात. तिथे पहिल्या मिनिटात जे दिसतं, तेच दहाव्या मिनिटाला. अशा चित्राला फसवं म्हणायला घाबरू नका. फक्त ते बघून म्हणा, किंमत ऐकून नको.

आता तुमच्या घराकडे येतो. लग्नाच्या वेळी भिंत शेणामातीनं सारवतात, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठानं सवासिनी चौक काढतात. मधे पालघट देवी, चारी बाजूंनी साखळीसारखे, नागमोडी पट्टे. त्या पट्ट्यांना कुणी विचारतं का, "हे कशाचं चित्र आहे?" बोहाड्याचंही तेच. रावणाचं सोंग नाचत येतं, तेव्हा मुखवटा हुबेहूब आहे का असं कुणी म्हणत नाही. रावण कुणी पाहिलाय? (हशा) वाद्यं वाजली, सोंग फिरलं, अंगावर काटा आला, की सोंग जमलं. म्हणजे "कशासारखं दिसतं" हा प्रश्न बाजूला ठेवून बघायची सवय मोखाड्याला नवीन नाही.

पण म्हणून "वारली चित्र हीच आपली अमूर्त कला" असं म्हणून मी तुम्हाला खूश करणार नाही. ते खरं नाही. चौकाच्या पाठीशी अख्खी वाडी उभी असते. धवलेरी गाते, देवीला बोलावलं जातं, त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. चौक कशासाठी आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. गायतोंडे यांच्या कॅनव्हासपाठी असं काही नाही. बघणारा तिथे एकटा येतो, गाणं नाही, देवी नाही, कार्य नाही. चौकाला जे गाव पुरवतं, ते इथे बघणाऱ्याला आपल्या वेळातून पुरवावं लागतं. अमूर्त चित्र अवघड वाटतं ते यामुळे. त्यात बुद्धी कमी पडण्याचा प्रश्न नाही, सोबत कमी पडते.

आता एक जोड बघा. मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे हातमागासाठी नक्षी तयार करणाऱ्या सरकारी केंद्रात, प्रभाकर बरवे नोकरीला होते. "कोरा कॅनव्हास" लिहिणारे तेच. अकोल्यात जन्मलेले, पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले अमूर्त चित्रकार अंबादास हेही त्या केंद्रांमध्ये होते. आणि भास्कर कुलकर्णीही तिथलेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारली चित्रं शहरापुढे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते हे कुलकर्णी. एकाच खात्याच्या छताखालून एक वाट कॅनव्हासकडे गेली, दुसरी डहाणूच्या पाड्यांवर. पुढे एका वाटेचं नाव "आधुनिक कला" पडलं, दुसरीचं "आदिवासी कला". दालनं वेगळी, भाव वेगळे, प्रश्नही वेगळे.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तुम्हाला माहीत आहेत. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ साली गेले. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांचं आणि रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग दगडांची वर्तुळं मांडतात, चिखलाने भिंतीवर काम करतात. मातीचं काम दोघांचं, वर्तुळं दोघांची. पण लाँग यांच्या वर्तुळाबद्दल लिहिताना त्यांचा विचार काय, हे सांगितलं जातं. जिव्यांच्या वर्तुळाबद्दल लिहिताना त्यांची जमात काय, हे सांगितलं जातं. जाळ्याच्या चित्रात जिव्यांनी बारीक रेषांनी जो अख्खा पृष्ठभाग थरथरता केलाय, तो एका माणसाने घेतलेला निर्णय होता. तो जमातीने घेतलेला नव्हता.

आणि इथेच हा वाद तुमचा होतो. जव्हार-मोखाड्यातल्या मुलीने चित्रकलेकडे जायचं म्हटलं, की तिला एकच रस्ता दाखवतात: वारली काढ, खपतं. साड्या, कप, सरकारी भिंती. त्यातून घर चालत असेल तर ते मानाचं काम आहे, त्याला नाक मुरडणारा मी नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही चांगलंच झालं. पण मानांकन शैलीला मिळतं, तिच्या मनात उद्या येणाऱ्या नव्या रेषेला नाही. तिने त्रिकोणी माणसं सोडून नुसता गेरूचा पृष्ठभाग काढला, त्यावर तीन पांढऱ्या रेषा ठेवल्या, तर गिऱ्हाईक म्हणतं, "हे वारली वाटत नाही." शहरातल्या चित्रकाराने तेच केलं तर "मातीशी नातं सांगणारं अमूर्त" म्हणून त्यावर लेख येतो. अमूर्त व्हायचा अधिकार कुणाला, हा खरा प्रश्न आहे, आणि "आमचं पोरगंही काढेल" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या पोरीने खरंच काढलं तर तुम्ही ते बघाल का?

पैशाबद्दल एक सांगून थांबतो. प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आलं. मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं ते सांगतं. लिलावांच्या विक्रमी बातम्यांत या कलमाचं नाव तुम्ही कधी ऐकलंत? पाड्यावर पाचशे रुपयांना घेतलेलं चित्र उद्या शहरात लाखाला गेलं, तर हे कलम तुमच्याही कामाचं आहे. तेव्हा चित्र विकताना नाव, तारीख आणि कुणाला विकलं याची नोंद ठेवा. चित्रकाराच्या यशासाठी भांडायची जागा ही आहे.

चित्राच्या यशाची जागा निराळी. तिथे तुम्ही आणि ते चित्र, दोघंच. भाव विचारू नका, जात-जमात विचारू नका, खुर्ची ओढा आणि दहा मिनिटं बसा. त्यानंतर "काही नाही यात" म्हणालात, तर मी तुमच्याशी वाद घालायला आनंदाने येईन, कारण तेव्हा आपण पहिल्यांदाच चित्राबद्दल बोलत असू.