एक पुढं, अकरा मागं

माधवनगरहून बुधगाव-कवलापूरकडे जाताना डांबरी रस्ता सोडून उसातल्या पाणंदीला लागलं, की पावसाळ्यात सायकलचा कस लागतो. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते, चाक जाम होतं. मग काडीनं खरवडायचं, नाहीतर सायकल सरळ खांद्यावर घ्यायची. बेल्जियममध्ये हिवाळ्यात याच कसरतीची शर्यत भरते. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. अडीच ते साडेतीन किलोमीटरचा चिखलगवताचा फेरा, वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंतच्या फळ्या, तिथं उतरून सायकल उचलून पळायचं. मोठ्या शर्यतींत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. या सायकलला पुढं एकच चेनरिंग, म्हणजे पायडलपाशी एकच दातेरी चाक, लावायची चाल गेल्या दहा-बारा वर्षांत चांगली रुळली. ती जुळणी मला अतिशय देखणी वाटते.

तसं पाहिलं तर एक चेनरिंग आपल्या अंगवळणी पडलेली आहे. गिरणीच्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या काळ्या सायकलला पुढं ४४ किंवा ४८ दाते असायचे, मागं १८. ४४ दात्यांची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढं जायची. चेन एका रेषेत धावायची आणि ताणलेली असायची, म्हणून सहसा पडत नसे. गिअर आले तशी चेन मागच्या लहानमोठ्या चाकांवर आडवी सरकू लागली, कधी सैल, कधी ताठ. पुढं दोन चेनरिंग असत तेव्हा चेन एकीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या पुढच्या डिरेलरचा पिंजरा तिला दोन्ही बाजूंनी आवरून धरायचा. चिखलात नेमका तोच पिंजरा आधी भरतो, पाचट त्यातच अडकतं. तो काढून टाकावा, तर पहिल्याच खड्ड्यात चेन उतरणार.

यावरचा तोडगा दात्यातच काढला आहे, आणि तो हातात घेऊन बघण्यासारखा आहे. चेन नीट पाहिली, तर तिची एक कडी अरुंद आणि पुढची रुंद असते, शेवटपर्यंत आलटून पालटून. जुन्या चेनरिंगचे सगळे दाते सारखेच, अरुंद कडीच्या मापाचे. त्यामुळे रुंद कडीत दात्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा राहायची. नव्या चेनरिंगवर एक दाता बारीक, शेजारचा जाड. जाड दाता रुंद कडीत जवळजवळ घट्ट बसतो, चेनला कडेला झुकायला वावच उरत नाही. दाते उंचही ठेवलेले, म्हणजे खडखडाटात चेन उसळली तरी माथ्यावरून सहज सुटत नाही. चिखल दाबाखाली बाहेर पडावा म्हणून दात्यांपाशी खाचा कोरलेल्या. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की अशी चेनरिंग सम दात्यांचीच करावी लागते: ३८, ४०, ४२, ४४. दात्यांची संख्या विषम झाली, तर दुसऱ्या फेऱ्यात जाड दात्यासमोर अरुंद कडी येईल आणि चेन दात्यांवर चढून बसेल. एवढं सगळं बदललं, पण एका दात्यापासून पुढच्या दात्याचं अंतर कामगाराच्या सायकलीचंच राहिलं आहे, अर्धा इंच.

दुसरा आधार मागच्या डिरेलरमध्ये आहे. त्याच्या पिंजऱ्याच्या सांध्यात क्लच असतो. पिंजरा मागं जाऊन चेन ताणतो तेव्हा क्लच त्याला मोकळं सोडतो. धक्क्यानं तो पुढं यायला निघाला की अडवतो. शिमानो कंपनीनं २०११ साली हा माउंटन बाइकसाठी आणला. पुढच्याच वर्षी स्रॅमनं जाड-बारीक दाते आणि मागं अकरा गिअर एकत्र आणले, आणि २०१४ साली खास सायक्लोक्रॉससाठी फोर्स सीएक्स१ हा संच काढला.

आता निवड. शर्यतवाले ४२ ची चेनरिंग आणि मागं ११ ते ३२ दात्यांच्या चाकांची कॅसेट घेतात. सर्वांत हलक्या गिअरला एका फेऱ्यात पावणेतीन मीटर. कडक गवतावर ते ठीक आहे. आपल्या चिकट रानात पाय भरून येतील. मिरजेच्या पुढं दंडोबाचा चढ धरायचा असेल, तर जास्तच. मी ४० आणि ११ ते ३६ घ्यायला सांगेन: हलका गिअर सव्वादोन मीटरच्या थोडा वर, आणि जड गिअरला मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ४० किलोमीटरच्या पुढं. तासगावच्या डांबरी रस्त्याला आणखी काय हवं? किंमत एवढीच, की गिअरागिअरांतलं अंतर वाढतं आणि पायाची लय बदलताना जाणवते. शर्यतीत ते खटकेल, पाणंदीत नाही. गंमत म्हणजे ४० ला मागचा १५ दात्यांचा गिअर जोडला, की एका फेऱ्याला पुन्हा तेच, साधारण साडेपाच मीटर. गिरणीवाल्याचा गिअर अकरांच्या रांगेत आहे, त्याच्याहून हलके सात-आठ, जड दोन-तीन.

बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात. चेनरिंग कॅसेटच्या मधल्या चाकांच्या रेषेत हवी, नाहीतर एका टोकाला चेन फार तिरकी जाऊन दाते लवकर झिजतात. आणि चेनची लांबी मागच्या सर्वांत मोठ्या चाकावर मापावी. दिवाळीनंतर रान वाळलं, की बोल्ट काढून त्याच जागी ४२ ची लावता येते. तेव्हा चेनमध्ये एखादी कडीजोडी वाढवावी लागते का, तेवढं बघावं.