पडद्यावरच्या मजकुराची प्रत कुठे आहे?

मराठीत जाहिरातीच्या मजकुराची समीक्षा फारशी होत नाही. झालीच तर वर्तमानपत्रातल्या किंवा दूरदर्शनवरच्या जाहिरातींची होते. रस्त्यावरच्या जाहिरातीला आपण मजकूर मानतच नाही, ती अडगळ समजतो. तिच्यावर चर्चा होते ती अपघातानंतर. पुण्यात जुन्या बाजाराजवळ ऑक्टोबर 2018 मध्ये होर्डिंगचा सांगाडा कोसळून 4 माणसं गेली, घाटकोपरला 13 मे 2024 रोजी 17 गेली. घाटकोपरचा फलक 120 बाय 120 फुटांचा होता आणि मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची. ही चर्चा लोखंडाची, पायाची आणि परवान्याची होती, आणि ती तशीच व्हायला हवी होती. पण त्या लोखंडावर काय लिहिलेलं असतं, ते कोण लिहितं आणि नंतर त्याचं काय होतं, हे प्रश्न कुणी विचारत नाही. आता फलकांच्या जागी एलईडी पडदे येऊ लागले आहेत, तेव्हा तर ते विचारायलाच हवेत.

उत्रोलीहून पुण्याला जायचं तर भोर, कापूरहोळ करत महामार्गाला लागायचं, मग खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रज आणि स्वारगेट. या वाटेवर जाहिरातीच्या तीन पिढ्या वाचायला मिळतात. गावाकडच्या भिंतींवर ऑइलपेंटनं रंगवलेली सिमेंटची नि बियाण्यांची नावं, चौकाचौकात फ्लेक्स आणि शहराच्या तोंडाशी पडदे. रंगवलेल्या भिंतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथं एक नाव असतं आणि ते ऊनपाऊस खात वर्षानुवर्षं टिकतं.

फ्लेक्सवर मात्र थांबायला हवं. साहित्याच्या वर्तुळात फ्लेक्सला नाकं मुरडायची रीत आहे. त्याची कारणं खरी आहेत, आणि बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशननं केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2017 रोजी दिलेला निकाल त्या कारणांची नीट नोंद ठेवतो. तरीही मजकूर म्हणून वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. त्यात बोलणारा कोण ते कळतं, कुणाला उद्देशून बोलतोय ते कळतं, प्रसंग आणि तारीख कळते. वर आदरस्थानांचे छोटे गोल फोटो, मधोमध उत्सवमूर्ती, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून नावांची रांग. कुणाचा फोटो किती मोठा आणि कुणाचं नाव कितवं, यावरून गावातलं राजकारण कळतं. ‘भावी’ हे विशेषण कुठल्या पदाला लागलं आहे ते पाहिलं की पुढच्या निवडणुकीचा अंदाज येतो. ‘समस्त ग्रामस्थ मंडळ’ लिहिलं असलं तर समस्त ग्रामस्थांपैकी कोण गळलं तेही वाचणाऱ्याला ठाऊक असतं. हा मजकूर कुरूप असेल, पण निनावी नाही. शिवाय तो काही काळ हाताशी राहतो. दिवस उलटले की तोच फ्लेक्स गोठ्यावर किंवा भाताच्या उडवीवर उलटा अंथरलेला दिसतो आणि कडेला अर्धा चेहरा व एखादी तारीख वाचता येते. अभ्यासकाला तेवढंही पुरतं.

पडद्याचा कारभार वेगळा आहे. जाहिराती ठरावीक फेरीनं फिरतात. धंद्यातली माणसं या फेरीला लूप म्हणतात आणि तिच्यातल्या जागेला स्लॉट. 10 सेकंदांचे 6 स्लॉट धरले तर एका मिनिटाची फेरी झाली, म्हणजे सकाळी 7 ते रात्री 11 या 16 तासांत प्रत्येक जाहिरात 960 वेळा दिसते. पैसे या वेळांचे मोजले जातात. मोहीम संपल्यावर जाहिरातदाराच्या हाती अहवाल येतो: कोणती फाइल, कोणत्या पडद्यावर, किती वाजता, किती वेळा दाखवली. आता वाचणाऱ्याच्या बाजूनं गणित करू. ताशी 60 किलोमीटरनं जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला साधारण 17 मीटर पुढे सरकतो. 150 मीटरवरून अक्षरं लागतात असं मानलं तर त्याच्या वाट्याला जेमतेम 9 सेकंद येतात, आणि नजर रस्त्यावरही ठेवायची असते. त्याला एका जाहिरातीचं शेपूट आणि दुसरीचं डोकं दिसतं. उलट, अशाच पडद्यासमोर अर्धा तास एसटीची वाट बघत उभी असलेली बाई त्याच सहा जाहिराती तीस-तीस वेळा वाचते. अहवालात या दोघांमधला फरक कुठेच येत नाही.

मग या मजकुराचा लेखक कोण? शब्द जुळवणारा कुणीतरी असतोच. पण कोणती आवृत्ती सकाळी, कोणती संध्याकाळी, कोणती कात्रजला आणि कोणती कोथरूडला, हे मोहिमेचं वेळापत्रक लावणारा ठरवतो. पाऊस सुरू झाला की अमुक फाइल, पारा चढला की तमुक, अशा अटीही यंत्रणेला आधी सांगून ठेवता येतात. अशा वेळी मजकुराचा अर्थ वेळापत्रकात असतो. जुन्या फलकाची समीक्षा करताना शब्द आणि चित्र बघितलं की पुरायचं. इथं वेळापत्रक वाचल्याखेरीज काहीच हाती लागत नाही, आणि ते वाचकाला कधीच दिसत नाही.

या नव्या शक्यतेचा चांगला उपयोग करता येतो. लंडनच्या पिकाडिली सर्कसमध्ये 2013 साली ब्रिटिश एअरवेजनं केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. पडद्यावरचं लहान मूल उठतं आणि आभाळाकडे बोट दाखवतं. त्याच क्षणी वरून खरं विमान जात असतं, आणि पडद्यावर त्याचा क्रमांक आणि ते कुठून आलं ते उमटतं. मजकूर मोजून काही शब्दांचा, पण ती जागा आणि तो क्षण सोडून दुसरीकडे त्याला अर्थच नाही. आपल्याकडेही हे कसब नवं नव्हे. अमूलचे फलक 1966 पासून ताज्या घडामोडींवर बोलत आले, तेही हातानं रंगवण्याच्या काळात.

आपल्या पडद्यांवरची मराठी मात्र कुठल्याच जागेची नसते. ‘मिळवा’, ‘अनुभवा’, ‘साकारा’ अशी क्रियापदं वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतात, कारण मूळ हिंदी किंवा इंग्रजी ओळ तशी असते. मराठी माणूस दुकानात ‘द्या पाव किलो साखर’ म्हणत नाही, ‘पाव किलो साखर द्या’ म्हणतो. स्वप्नांना भरारी, आयुष्याला नवी ओळख असली नामं कशालाही चिकटतात, घराला, गाडीला, शिकवणीच्या वर्गालाही. पावसाची अट यंत्राला सांगता येते, पण भोरकडच्या भातलावणीच्या पावसाबद्दल काय बोलावं आणि शहरातल्या पावसाबद्दल काय, हे लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. इतकी शक्ती हाताशी असून पडद्याचा वापर पानं उलटणाऱ्या फ्लेक्ससारखा होतो, आणि फ्लेक्समधली ओळखदेख तेवढी गळून जाते.

माझी खरी हरकत मात्र पुढची आहे. पडद्यावरची जाहिरात बहुधा चित्राच्या किंवा चित्रफितीच्या फाइलमध्ये असते. त्यातली अक्षरंही चित्रच असतात. त्यामुळे महिन्याच्या अहवालात मजकूर नसतो, फाइलचं नाव असतं. मोहीम संपली की फाइल पडद्यावरून पुसली जाते. कोणत्या शब्दांत काय विकलं गेलं, हे सांगणारी सार्वजनिक प्रत उरत नाही. 960 वेळा दाखवल्याचा पुरावा असतो आणि काय दाखवलं त्याचा नसतो.

छापील मजकुराचं असं होऊ नये याची काळजी परक्या सरकारनं घेतली होती. 1867 च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव व छपाईचं ठिकाण आणि पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणं बंधनकारक केलं. हेतू नजर ठेवण्याचा होता, पण त्यातून पुस्तकांच्या तिमाही याद्या तयार झाल्या. त्या नसत्या तर एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ मराठी पुस्तकांविषयी आपण अंदाजच बांधत बसलो असतो. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळाची मराठी ग्रंथसूची केली. जाहिरातींच्या वाट्याला असा सूचीकार आला नाही. त्या टिकल्या त्या नियतकालिकांच्या आश्रयानं. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासूनची केशतेलं, घड्याळं आणि सराफी पेढ्या आपल्याला आठवतात त्या अंकांच्या पानांमुळे. बांधणी करताना जाहिरातींची पानं फाडून टाकण्याची ग्रंथालयांची खोड नसती तर आणखी आठवल्या असत्या.

पडद्यावरच्या मजकुराची लेखी प्रत मागणारी एकच जागा मला आढळते, ती निवडणूक आयोगाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. सार्वजनिक जागेतल्या दृकश्राव्य राजकीय जाहिरातीला प्रमाणीकरण समितीची पूर्वपरवानगी लागते, आणि अर्जासोबत जाहिरातीच्या दोन प्रती व मजकुराचं साक्षांकित लेखी रूप द्यावं लागतं. उमेदवाराला हे जमतं तर गृहप्रकल्प, सोनं किंवा कर्ज विकणाऱ्याला न जमण्याचं कारण नाही. आश्वासनं तेही देतात, आणि त्यांच्यावर विसंबून माणसं आयुष्याची पुंजी लावतात. पुढे तक्रार करायची वेळ आली तर पडद्यावर काय लिहिलं होतं हे ती कशाच्या आधारे दाखवणार? फ्लेक्स असता तर निदान उडवीवरून काढून आणता आला असता.

मुंबई महापालिकेच्या नव्या धोरणात डिजिटल फलकांच्या उजेडाचं 3:1 असं प्रमाण आलं. उजेड मोजणाऱ्या परवान्यात आणखी दोन ओळी सहज मावतील: दाखवलेल्या प्रत्येक मजकुराची प्रत, जाहिरातदाराच्या नावासह आणि तारखांसह, परवाना देणाऱ्या महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे जमा करावी, आणि ती प्रत मागेल त्या नागरिकाला बघायला मिळावी. साठवायला फार जागाही लागणार नाही. भोरसारख्या छोट्या गावांत पडदे यायचे आहेत, तोवर हे ठरवून घेता येईल.